प्रशांतचं ग्राफिक्स कार्ड आणि काकाजींचा नवा दोर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. कुणाचाही कॅबिनेट उघडा, आत धूळ असते, एक-दोन झुरळं असतात, पडलेला एखादा स्क्रू असतो आणि एक किस्सा असतोच असतो. धूळ मी ब्लोअरनं उडवतो. किस्सा काही उडत नाही!

मोहाडीत तहसील ऑफिसच्या समोरच्या ओळीत माझं दुकान आहे. बोर्डावर 'कॉम्प्युटर रिपेअरिंग' मोठ्या अक्षरात आहे आणि 'झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म' बारीक अक्षरात. पोट मात्र बारीक अक्षरांवर चालतं. पण आज जे सांगतोय ते सगळं मोठ्या अक्षरांतलं आहे, आणि सगळं एकट्या प्रशांतच्या कॉम्प्युटरचं आहे.

प्रशांत तीन किलोमीटरवरच्या गावातला. बी.कॉम. झालेला, गरीब स्वभावाचा, कुणी पायावर पाय दिला तर स्वतःच सॉरी म्हणणारा. पण गेममध्ये बंदूक हातात आली की ऐकत नाही! ऑनलाइन खेळणाऱ्या चार जणांच्या टीममध्ये तो होता. कॅप्टन साकोलीची काजल. तिच्या बाबांचं हायवेवर हार्डवेअरचं दुकान आहे, आणि ही गल्ल्यावर बसून कानाला हेडफोन लावून टीम चालवते. गिऱ्हाईकाला खिळे मोजून देता देता दोन शत्रू पाडते म्हणे.

प्रशांतचा कॉम्प्युटर त्याच्या बहिणीच्या कॉलेजच्या वेळचा. बहीण लग्न होऊन गेली, कॉम्प्युटर माहेरी राहिला. त्यावर हा गेम सेकंदाला अकरा फ्रेमनं चालायचा. साठ असल्या तर माणूस पळताना दिसतो. अकरा असल्या तर माणूस इथे दिसतो, मग एकदम तिथे दिसतो, मग मेलेला दिसतो.

शेवटी काजलनं त्याला स्पष्ट सांगितलं, "प्रशांत, तू खेळून नाही राहिला. तू फोटो काढून राहिला! एक महिना देते. मशीन सुधारव. महिना झाला का रविवारी चार वाजता ट्रायल घेईन. नाही जमलं तर तुझ्या जागी दुसरा."

एक महिना आणि दहा हजार रुपये. धान मळणीच्या मशीनवर राबून त्यानं ते जमवले होते. त्याच्यावर एक रुपया मिळणार नव्हता, कारण घरी बाबा होते. प्रशांतच्या बाबांचं कॉम्प्युटरविषयी एकच मत होतं आणि ते दिवसातून पाच वेळा ऐकू यायचं.

"उठ तिथून!"

एकदा लाइट गेली होती, कॉम्प्युटर बंद होता, प्रशांत त्या खुर्चीवर बसून फक्त बुटाची लेस बांधत होता. तरी मागून आवाज आलाच, "उठ तिथून!"

*

पहिला सल्लागार मी नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. पहिला सल्लागार पिंट्या. हा प्रशांतचा जिगरी दोस्त. घरची पिठाची चक्की आहे. दळण टाकलं की दिवसभर मोबाइलवर कॉम्प्युटरचे व्हिडिओ बघतो. त्याच्या पापण्यांवर पीठ असतं आणि तोंडात ज्ञान!

पिंट्या म्हणाला, "पहिले लाइटवाले पंखे टाकाचे. गेमिंग पीसी चमकलाच पायजे. चमकला नाही त गेमलेच समजत नाही का आपण सिरियस आहो म्हणून."

प्रशांतनं रंग बदलणारे तीन पंखे मागवले आणि बसवले. खोलीत लाल, हिरवा, जांभळा उजेड. फ्रेम किती झाल्या? अकरा!

पण मार्गशीर्षातला गुरुवार होता. प्रशांतच्या मायनं टेबलाशेजारी चौरंग मांडला, घट बसवला आणि कॅबिनेट हळूच देवीकडे वळवला. संध्याकाळी हळदी-कुंकवाला आलेल्या बाया घरी परत जाईनात. एकीनं तर विचारलं, "डेकोरेशन भंडाऱ्यावरून आणलं का जी?"

दुसऱ्या दिवशी मी पिंट्याला गाठलं. म्हटलं, "काय बे, वाढल्या का फ्रेम?"

"फ्रेम नाही वाढल्या भाऊ," पिंट्या अजिबात न लाजता म्हणाला, "पण बाया वाढल्या! मागच्या गुरुवारी सात होत्या, कालच्याले एकोणीस!"

*

आता तरी हे दोघं माझ्याकडे येतील असं वाटलं होतं. आले, पण खरेदी करून आले! भंडाऱ्याला जाऊन रॅम घेऊन आले होते. प्रशांतनं रुमालाची गाठ सोडून ती माझ्या काउंटरवर ठेवली. सोनाराकडे बांगडी मोडायला आणतात ना, तशी.

मी बघितली आणि कपाळाला हात लावला. रॅम लॅपटॉपची होती. लॅपटॉपची रॅम लांबीला साधारण अर्धी असते, मोठ्या कॉम्प्युटरच्या खाचेत ती बसूच शकत नाही.

"अबे, ही घेतली कायले?"

"स्वस्त भेटली भाऊ," प्रशांत म्हणाला. "दुकानदार म्हणे का आधीच्या गिऱ्हाइकानं वापस केली. अर्धी आहे, अर्ध्या भावात भेटली. मले वाटलं बराबर आहे."

मी त्याला समजावत होतो की अर्धी म्हणजे कमी ताकदीची नव्हे, वेगळ्याच जातीची. तेवढ्यात पिंट्यानं रॅम उचलली, खाचेवर धरून एक डोळा मिटून माप घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, टेन्शन नका घेऊ. आणखी एक आणतो. दोन अर्ध्या एकापुढं एक बसवून देऊ!"

त्या दिवशी मी दोघांना बाकावर बसवलं, चहा पाजला आणि शपथ घ्यायला लावली की मला विचारल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा घ्यायचा नाही. मग सोप्या भाषेत सांगितलं, "तुझा कॉम्प्युटर हिशेबात ठीक आहे. त्याच्याजवळ चित्र काढणारा दमदार गडी नाही. त्याले म्हणतात ग्राफिक्स कार्ड. उरलेले सगळे पैसे तिथंच घालाचे. नवं नाही भेटणार, जुनं पाहू."

रॅम मीच दुकानदाराच्या हातापाया पडून परत केली. लाइटचे पंखे काही परत झाले नाहीत. ते मायनं देऊच दिले नाहीत.

*

कार्ड शोधण्याआधी कॅबिनेट आतून साफ करावा म्हणून मी एका सकाळी त्याच्या घरी गेलो. थंडी कडाक्याची होती. बघतो तर कॅबिनेटच्या डोक्यावर ओल्या पोत्याचं गाठोडं! खाली पाण्याचे दोन थेंब चमकताहेत आणि त्यांच्यापासून चार बोटांच्या अंतरावर वीज!

मी ओरडलोच, "हे काय आहे?"

प्रशांतच्या मायनं आधी बाहेर पाहिलं, बाबा अंगणात नाहीत याची खात्री केली आणि हळूच म्हणाली, "ओरडू नका जी. धान आहे."

उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, थंडीतच टाकावी लागतात. त्यासाठी बिजाई, म्हणजे बियाणं, भिजवून, पोत्यात बांधून तिला मोड आणायचे. थंडीत ते मोड लवकर येत नाहीत. आणि हा पोरगा तासन्‌तास गेम खेळला की डबा गरम होतो, हा शोध या माउलीनं एकटीनं लावला होता! थोडी बिजाई तिनं डब्यावर ठेवून पाहिली. चार दिवसांचं काम दोन दिवसांत. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते गावभर सांगत फिरत होते की औंदा बिजाई एक नंबर निघाली!

मी गाठोडं खाली उतरवलं. कॅबिनेटच्या मागं, हातभर अंतरावर, स्टुलावर ठेवायला लावलं, आणि पुन्हा वर ठेवाल तर घर पेटेल म्हणून दम दिला. मग कॅबिनेट उघडून आतली दोन वर्षांची धूळ काढली. पंखे मोकळे झाले, डबा थंडगार चालू लागला. फ्रेम अकराच्या तेरा झाल्या. मी खूश.

आठ दिवसांनी परत गेलो तर मायनं चहासुद्धा विचारला नाही. स्टुलावरच्या गाठोड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमी माह्या डब्याचा जीव काढला जी. तीन दिवस झाले, एक दाणा फुटला नाही!"

*

इकडे कार्ड सापडलं. भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत सौरभ नावाचा मुलगा राहायचा. इंजिनीअरिंग संपवून पुण्याला नोकरीला निघाला होता. त्यानं कार्ड विकायला काढलं होतं. मागत होता साडेनऊ. लाइट आणि रॅमच्या भानगडीनंतर प्रशांतजवळ उरले होते साडेआठ.

शनिवारी जाऊन आणायचं ठरलं, कारण रविवारी चार वाजता ट्रायल. माझ्याकडे शनिवारी फॉर्मची लाइन. प्रशांतला एकट्याला पाठवलं असतं तर तो साडेनऊ देऊन वर सॉरी म्हणून आला असता! भाव करणारा कुणीतरी सोबत हवा होता.

म्हणून काकाजी आले. प्रशांतच्या बाबांचे थोरले भाऊ. बैलांच्या सौद्यात यांच्याएवढा जाणता माणूस आमच्या तालुक्यात नाही. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणारी जोडी नुसती उभी बघून सांगतात, डावा आळशी आहे म्हणून. काकाजी आधी माझ्या दुकानात आले, बाकावर मांडी घालून बसले आणि कामाचं विचारू लागले.

"हे कार्ड खाते किती?"

मी म्हटलं, "एकशेवीस वॅट, काकाजी."

"आणि आत्ताचा गडी?"

"तो तीस खाते."

"काम?"

"पाचपट."

काकाजींनी मिनिटभर डोळे मिटले. "चौपट खाऊन पाचपट काम. बरा आहे. पण तुमच्या गोठ्यात तेवढा दाणा आहे का?"

खरं सांगतो, दहा वर्षं दुकान चालवतोय, पण पॉवर सप्लायचा इतका नेमका प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता! मी सांगितलं की दाणा पुरतो, पण जुन्या पॉवर सप्लायला या कार्डाचा प्लग नाही. जोडायला एक वेगळी वायर लागते, ती माझ्याजवळ संपली आहे. पण सौरभ त्याची देणार आहे, फोनवर बोलणं झालं आहे. काकाजी "हो, हो" म्हणाले.

*

भंडाऱ्याला काय घडलं ते मला प्रशांतनं सांगितलं. सांगताना तो हसून हसून तीनदा खाली बसला.

काकाजींनी कार्ड हातात घेतलं. आधी वजन पाहिलं. मग पंख्याची पाती एकेक करून मोजली, बैलाचे दात मोजतात तशी. मग नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"रात्रंदिवस जुंपला होता का याले?"

सौरभ गडबडला. "नाही काका, मी फक्त गेम खेळायचो. संध्याकाळी दोन तास."

"आजारपण?"

"नाही."

"मारते का?"

"म्हणजे?"

"शॉक, शॉक!"

"नाही हो!"

"चालवून दाखवा."

सौरभनं गेम लावून दाखवला. काकाजींनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते कॅबिनेटला कान लावून पंख्याचा आवाज ऐकत बसले. दहा मिनिटांनी मान हलवली, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि सौरभचा उजवा हात धरून त्यावर टाकला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. दुपट्ट्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. पण भंडारा शहरातल्या इंजिनीअरला हे कुठून माहीत असणार? काकाजी बोटं दाबताहेत आणि सौरभचा चेहरा पांढरा पडतोय!

शेवटी तो म्हणाला, "काका, माझी तब्येत ठीक आहे. नाडी नका बघू!"

काकाजींनी परत दाबली. सौरभनं हात सोडवायला बोटं जोरात हलवली. काकाजींचा चेहरा उजळला. "जमलं! सौदा पक्का!"

आठ हजारांत! सौरभलासुद्धा आपण नक्की कधी हो म्हटलं ते समजलं नाही. पण काकाजी इतके खूश होऊन त्याच्या पाठीवर थापा मारत होते की नाही म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. वर काकाजींनी त्याच्या मायच्या हातचा चहा घेतला आणि प्रशांतला म्हणाले, "तू गाडी चालू कर. मी घेऊन येतो."

प्रशांत बाहेर गेला. त्याला वाटलं, झालं काम. मलाही वाटलं, झालं काम.

*

रविवार. दोन वाजता मी प्रशांतच्या घरी पोचलो. पिंट्यानं मागच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून दोन ते सहा चक्की बंद ठेवायचं कबूल केलं होतं, कारण चक्की चालू झाली की त्या लाइनीवरचं व्होल्टेज पडतं. बिचारा चक्कीसमोर बसून गावच्या बायांच्या शिव्या खात होता.

काकाजींनी पिशवी माझ्यापुढे ठेवली. मी उघडली. आत कार्ड. कार्डाला उभा-आडवा बांधलेला नवाकोरा लाल दोर, त्याला गोंडा, आणि गोंड्याला छोटा घुंगरू!

"काकाजी, हा दोर?"

"काल सकाळीच घेतला. नवं जनावर घरी आणाचं तर नव्या दोरानं."

"बरं. आणि वायर कुठं आहे?"

"कोणती वायर?"

"कार्डाला जोडाची. सौरभनं दिली असेल."

काकाजी माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी चोरी करायला सांगितली. "त्यानं देल्ली होती. मी वापस केली. मालकाचा दोर कोणी आणते का बे? दावं मालकाजवळच राहते. मी त्याच्या हातात देऊन, नमस्कार करून आलो."

मी सौरभला फोन लावला. तो म्हणाला, "हो, वायर इथेच आहे. काकांनी तिला हात जोडले म्हणून मी काही बोललोच नाही."

आता काय? भंडारा वीस किलोमीटर. माझं काकाजींशी वाजलं. मी म्हणतो घेऊन येतो, काकाजी म्हणतात दोर मागून आणला तर कार्ड आठ दिवस टिकणार नाही. मी म्हणतो हा बैल नाही, काकाजी म्हणतात मग त्यानं पाती कायले मोजू दिली? प्रशांत खुर्चीवर बसून मांडीतल्या कार्डाकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते. महिनाभराची मेहनत, दहा हजार रुपये, आणि आता गोंड्याचा दोर! मला मनापासून वाईट वाटलं. या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट स्वतःसाठी मागितली होती.

या भांडणात तास गेला. कुणाच्याच लक्षात आलं नाही की अंगणातली मोटरसायकल नाही. आणि आज दुपारपासून "उठ तिथून" ऐकू आलेलं नाही.

चारला पाच कमी असताना गाडी थांबली. बाबा आत आले. अंगावर रस्त्याची धूळ, हातात वायर. ती माझ्या हातात दिली.

काकाजी ताडकन उठले. "मागून आणला?"

"मागून कायले आणू? इकत घेतला," बाबा म्हणाले. "दुपट्ट्याखाली. पोट्ट्यानं तीन बोटं दाबली. मी समजलो, तीन पायली तांदूळ. देऊन आलो."

काकाजी खाली बसले. हे त्यांना पटलं.

मी कार्ड बसवलं, वायर जोडली. दोर सोडला, पण घुंगरू काही काकाजींनी काढू दिला नाही. चार वाजून दोन मिनिटांनी काजल स्पीकरवर आली, "आहेस का गेलास?" आणि खेळ सुरू झाला.

साठ फ्रेम! प्रशांत असा पळत होता, वळत होता, की मीच खुर्चीवरून उठून उभा राहिलो. काकाजी मागून पटावर ओरडतात तसे ओरडत होते, "हाण! उजव्या अंगानं घे! सोड त्याले, सोड!" दोन तासांत सहा डाव झाले, पाच जिंकले.

शेवटी काजलचा आवाज आला. "प्रशांत, तू टीममधे पक्का. आणि तुझ्या मागं जे ओरडून राहिले ना, पुढच्या वेळी त्याईलेही बसव. उजवीकडचा माणूस मले दिसला नव्हता, त्याईले दिसला!"

प्रशांतनं माउस सोडला. हसत वळला, तर मागे बाबा उभे. सवयीनं तो झटकन उठून उभा राहिला.

बाबांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते कॅबिनेटच्या मागं तळहात धरून उभे होते. नवं कार्ड मागून गरम वारा फेकत होतं, सरळ स्टुलावरच्या गाठोड्यावर. बाबांनी पोत्याचा कोपरा उघडला. इतके दिवस थंड पडलेल्या दाण्यांना पांढरी टोकं आली होती. त्यांनी मायकडे पाहिलं. माय पदर सावरत भिंतीकडे बघू लागली.

बाबांनी कोपरा नीट झाकला, प्रशांतच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला दाबून परत खुर्चीत बसवलं.

"उठते कायले? बस तिथंच! परवा पऱ्हे टाकाचे आहेत. खेळ!"